आखूड दस्त्याची बंदूक

त्या म्युझियममधून मला काढलं, असं आमच्या ओळखीतले लोक सांगतात. सांगोत बापडे. मी म्हणतो, मी निघालो. आता रियाधच्या अल मलाझमध्येच एका फर्निचरवाल्याच्या व्हिसावर किचनची कपाटं बनवतो, बायको सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, आणि आमचं बरं चाललंय. तेव्हा कोणी हळहळायचं कारण नाही. पण त्या बंदुकीबद्दल जो तो आपल्या मनचं काहीबाही सांगत सुटलाय, म्हणून मीच एकदा सगळं सांगून टाकतो.

म्युझियम खाजगी. रियाधमध्ये हौशी श्रीमंतांची अशी म्युझियमं आहेत. कोणाचं जुन्या गाड्यांचं, कोणाचं कॉफीच्या भांड्यांचं. आमच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी इथं आलो त्या मालकाचं, बंदुकांचं, आणि तेही एकाच माणसानं काढलेल्या बंदुकांचं. फार वर्षांपूर्वीचा कोणी परदेशी कारागीर. त्यानं एक रायफल काढली आणि ती जगभर पसरली, इथल्या वाळवंटातही ढिगानं आली. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या इमारतीत दारापासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे ते छापलेलं आहे, तेवढं पुरे झालं. पहिल्या हॉलमध्ये त्याचा भिंतभर फोटो, पीळ दिलेल्या मिशा. दुसऱ्यात त्याच्या ड्रॉइंगच्या नकला आणि त्याच्या टेबलासारखं टेबल. तिसऱ्या हॉलमध्ये एका ओळीत बारा रायफली लावायच्या होत्या, सगळ्या या देशात वापरलेल्या, लोकांच्या घरांतून आणलेल्या. आतले खटके निकामी केलेले. परवान्याची अटच तशी होती. म्हणजे उरलं होतं ते लोखंड आणि लाकूड.

मला घेतलं होतं शोकेस बनवायला. एक दिवस मुदीर, म्हणजे तिथला मॅनेजर, वर्कशॉपमध्ये आला तेव्हा मी एक तडकलेला दस्ता हातात घेऊन फिरवून बघत होतो. त्यानं विचारलं, यातलं काही कळतं का. मी म्हटलं, माझ्या बापाचा धंदा होता. तिथंच मी फसलो.

आमचं गाव लांज्याकडचं. आमच्याकडे डुक्कर-वानरांपासून शेत राखायला शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मिळतो. बहुतेकांकडे ठासणीची. निवडणूक लागली की सगळ्यांनी आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या. महिनाभर एकावर एक रचून ठेवलेल्या त्या बंदुका घरी यायच्या तेव्हा कोणाचा दस्ता फुटलेला, कोणाचा उललेला. मग आमच्या पडवीत ही रांग. निवडून कोण आलं याची कोणाला फिकीर नसायची, दस्ता कधी मिळणार ते सांगा.

बाप माझा तापट. दस्ता बनवायचा तर आधी सुतळी घ्यायचा आणि कोपराच्या खळीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत हात मापायचा. मालकाचाच हात. मालकाचा भाऊ आला, मुलगा आला, तर कामाला हातच लावायचा नाही. "मेल्या, ज्याची बंदूक त्याचा हात घेऊन ये," म्हणून हाकलून द्यायचा. आणि दस्त्यावर जिथं माणूस गाल टेकतो ना, ती जागा वर्षानुवर्षांच्या घामानं काळी, गुळगुळीत झालेली असते; तिला तो रंधा सोडा, पॉलिश पेपरसुद्धा लावू द्यायचा नाही. मी एकदा लावला होता, तर पाठीत धपाटा बसला. ते लाकूड आता आपलं नाही, म्हणाला, त्याचं झालं.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी अकरा बंदुका चकचकीत केल्या.

मुदीरचा नियम एकच. बंदूक त्या कारागिरानं कागदावर काढली तशी दिसली पाहिजे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. बाहेर शिकून आलेला, चाळिशीचा, आमच्यासारख्यांनाही सलाम करून बोलणारा. पण त्या मिशीवाल्यावर त्याचा भारी जीव. ड्रॉइंगच्या नकला वर्कशॉपच्या भिंतीवर लावून दिल्या आणि मिलिमीटरचा हिशेब ठेवून काम मागायचा. प्रत्येक बंदुकीला एक जॉब कार्ड. काय बिघडलंय, काय दुरुस्त केलं, खाली कारागिराची सही. दस्त्यात कोणी पितळेचे खिळे ठोकले असतील ते उपटायचे, भोकं बुजवायची, घासायचं, अक्रोडाचा रंग द्यायचा. मी अकरा वेळा हे केलं आणि अकरा वेळा सही ठोकली. चांगलं काम होतं, कौतुक होत होतं, बायकोबरोबर एका छपराखाली राहायला मिळत होतं. बापाचा धपाटा मला एकदाही आठवला नाही. आठवला नाही कसला, आठवू दिला नाही.

बारावी बंदूक आली ती सगळ्यात वेगळी. दस्ता चांगला चार बोटं आखूड, मागून करवतीनं कापलेला. दस्त्याची मान मोडलेली आणि तिच्यावर कच्चं कातडं गुंडाळून शिवलेलं. कातडं ओलं असताना ओढून शिवायचं, सुकलं की ते असं आवळतं की पोलादी पट्टी त्यापुढे काही नाही. टाके बारीक, एकसारखे. मी आपला शहाणपणानं विचार करत बसलो की दस्ता का कापला असेल. आमच्याकडे झाडावर बांधलेल्या माळ्यावर बसून डुकराची वाट बघणारे लोक आखूड दस्ता मागतात, अडचणीत बंदूक चटकन खांद्याला लागते म्हणून. मग मी ठरवून टाकलं, हाही कोणी माळ्यावरचाच. अरे, त्या वाळवंटात झाड नाही आणि माळा कुठला? उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. कार्डावर लिहिलं, दस्ता चुकीचा कापलेला, लांबी वाढवणे, कातडं काढणे. उद्घाटनाला दहा दिवस होते. बंदूक वाइसमध्ये आवळली आणि कातड्याचे टाके कापायला सुरुवात केली.

तीन टाके कापून झाले होते, तेव्हा ती बाई आली.

दुपारच्या नमाजानंतरची वेळ. काळा अबाया, तोंडावर जुन्या पद्धतीचा बुरखा, नुसते डोळे दिसणारा. उंची माझ्या छातीइतकी. बरोबर नातू होता, रियाधच्या उत्तरेला दोन तासांवरच्या गावात शाळामास्तर. बंदूक त्यांच्याच घरची. नातवानं म्युझियमला दिली होती, आणि आजी आता काडतुसांचा पट्टा द्यायला आली होती, तोही बंदुकीशेजारी लावा म्हणून. मुदीर कुठं सापडेना, म्हणून ती दोघं चुकून माझ्या दारात.

तिनं वाइसकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या सुरीकडे.

"एश हादा?" म्हणाली. म्हणजे, हे काय?

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. माझं अरबी बाजारापुरतं, म्हणून मी नातवाला इंग्लिशमध्ये सांगितलं की ही बंदूक कोणीतरी चुकीची कापलीय, मी ती नीट करतोय. ज्याची होती त्यानं माळ्यावर बसून वापरली असणार, असंही सांगितलं, माझी अक्कल दिसावी म्हणून. नातू तिला सांगता सांगता अडखळला. ती हसली. बुरख्याआड हसलेलं डोळ्यांत दिसतं.

मग तिनं सांगितलं आणि नातवानं मला समजावलं. बंदूक तिची. बापाला मुलगा नव्हता, पाच मुली, आणि ही थोरली. शेळ्यांवर लांडगे यायचे. बाप आजारी पडला तेव्हा त्यानं कुठून तरी ही रायफल आणली, पण दस्ता तिच्या खांद्यापुढे लांब पडायचा, चापापर्यंत बोट पोचायचं नाही. तेव्हा बापानं तिला तंबूसमोर उभी केली, हात धरून बघितला आणि करवत लावली. ती अकरा-बारा वर्षांची होती. पुढं एकदा खडकावरून पडली तेव्हा मान मोडली, बंदुकीची. आणि हिच्या खांद्याचं हाडही. शेळीचं कातडं भिजवून एका हातानं आणि दातांनी ओढून तिनं ते स्वतः शिवलं. लग्नानंतरही बंदूक तिच्याकडेच राहिली. लांडगे काही लग्न झालं म्हणून यायचे थांबत नाहीत, म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आपण कोण, कोणाचे, आणि काय करत बसलोय. वर्कशॉपमध्ये सुतळी होती. तिच्या हाताला मी हात लावणं शक्यच नव्हतं, इथं तो भलताच प्रकार झाला असता. म्हणून सुतळी नातवाच्या हातात दिली आणि कुठून कुठपर्यंत धरायची ते माझ्याच हातावर दाखवलं. म्हातारीला गंमत वाटली, तिनं कोपर पुढं केलं. ते माप मी दस्त्याला लावलं तर एका बोटाचाही फरक नाही. ती वाढलीच नव्हती फारशी. तिच्या बापानं सुतळीशिवाय कापलं होतं, आणि माझ्या बापाला खोट काढता आली नसती.

मी तिला म्हटलं, खाला, चूक झाली. ती म्हणाली, चूक तुझी नाही, तुला कोणीतरी सांगितलं असेल. आणि मग नातवाला थांबवून तिनं माझ्याशीच, हळूहळू, मला कळेल अशा अरबीत बोलायला सुरुवात केली.

"हे कातडं काढलंत तर ही बंदूक बाहेरच्या त्या फोटोवाल्याची. मग तिच्याखाली माझं नाव लावू नका."

एवढं सांगून काडतुसांचा पट्टा टेबलावर ठेवून ती गेली. मी कापलेले तीन टाके मेणदोऱ्यानं पुन्हा घातले. माझे टाके पांढरे, ओबडधोबड. तिच्या टाक्यांशेजारी लाज वाटावी असे.

संध्याकाळी मुदीरकडे गेलो आणि सांगितलं, ही बंदूक मी बदलणार नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, खुर्ची दिली, कावा, म्हणजे इथली कॉफी, मागवला. त्याचं म्हणणं सरळ होतं. म्युझियम त्या कारागिराचं आहे. लोक त्याची कला बघायला येणार. मोडलेली, कापलेली, कातडं बांधलेली बंदूक ही त्याची कला नव्हे, ते तिचं नुकसान आहे. बाईंबद्दल पूर्ण आदर आहे, नाव खाली लावूच. मी म्हटलं, साहेब, त्यानं कारखान्यात बनवली आणि विकून मोकळा झाला. पुढं ही बंदूक हिनं बनवलीय. तो हसला. म्हणाला, तू सुतार आहेस, म्युझियमचं काम माझ्यावर सोड.

हेही मी गिळलं असतं. सुतार म्हटलं म्हणून मला कमीपणा वाटत नाही, आहेच मी सुतार. पण त्यानं पुढं विचारलं, "अकरा वेळा तुला काही वाटलं नाही?"

मी काव्याचा कप खाली ठेवला. खरं तेच बोलला होता तो. मग त्यानं हलक्या आवाजात सांगून टाकलं की काम मी करावं हे बरं, नाहीतर दुसरा सुतार बघता येईल, आणि मग माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, ठेवायचं कारण उरणार नाही. फायनल एक्झिट म्हणजे काय हे इथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पासपोर्टवर शिक्का, आणि यल्ला, घरी.

घरी म्हणजे मी एकटा. बायको इथं आमच्या आधी आलेली, हॉस्पिटलच्या नोकरीवर. सात वर्षं ती इकडे आणि मी लांज्याला, असा संसार केलेला. मुलगी फोनमधून वाढलेली. मला हा कफील मिळाला तेव्हा कुठं आम्ही तिघं मलाझमधल्या दोन खोल्यांत एकत्र आलो. 

त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. बायको आधी पेटलीच. एवढ्या मोठ्या रियाधमध्ये शहाणपणा करायला तुम्हीच सापडलात का, एका बंदुकीच्या लाकडासाठी चाललात घर मोडायला, वगैरे. मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "पापा, जस्ट डू इट ना, कौन देखता है." मी ताट सरकवलं. मला राग तिच्यावर नव्हता, ती बोलली तेच मी अकरा वेळा स्वतःशी बोललो होतो.

बायको भांडी घासून आली आणि शेजारी बसली. आता तिचा आवाज ड्यूटीवरचा होता. म्हणाली, "त्या अकरा बंदुकांवर काय काय होतं?" मी सांगायला लागलो. एकीवर उंटाला डागतात तसली टोळीची खूण जाळून काढलेली. एकीत चांदीचं नाणं बसवलेलं. एकीवर लहान मुलाच्या दातांच्या खुणा. कोणीतरी बाळाच्या हाती दस्ता दिला असणार, दात येताना चावायला. एकीवर ओळीनं सात खाचा. सांगत गेलो आणि माझं मलाच नवल वाटत गेलं, एकही विसरलो नव्हतो. ज्या बोटांनी पुसलं त्याच बोटांना सगळं पाठ.

"आमच्याकडे पेशंट दाखल झाला की आधी त्याचं अंग बघतात," बायको म्हणाली. "जुने व्रण, भाजलेलं, टाके, सगळं कागदावर लिहितात. मग पुढचं. तुम्ही लिहिलंत का?"

नव्हतं लिहिलं. कार्डावर मी लिहिलं होतं, 'साफ केलं.'

चार दिवस मी ड्यूटी संपल्यावर लिहीत बसलो. एका बंदुकीला एक कागद. काय होतं, कुठं होतं, किती बोटं लांब, आणि मी ते कशानं काढलं. मराठीत लिहायचो, बायको तिच्या हॉस्पिटलच्या फॉर्मसारखं इंग्लिश करायची, पहिल्या कागदावर तिनं दस्त्याचं चित्र काढून त्यावर खुणांच्या जागा दाखवल्या. मग मीही प्रत्येकावर तशी काढली. प्रत्येक कागदाखाली, 'हे मी पुसलं' असं लिहून मराठीत सही केली. बायकोनं विचारलं, सही कशाला, नुसती माहिती द्या की. मी म्हटलं, पुसताना केली होती ना? तिनं पुढचा कागद ओढला. बारावं कार्ड होतं त्यावरची माझी आधीची ओळ खोडली आणि लिहिलं, 'दस्ता बरोबर कापलेला आहे. या बंदुकीला मी हात लावणार नाही.' सगळा गठ्ठा सकाळी मुदीरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यानं उभ्यानं वाचलं. दातांच्या खुणांच्या कागदावर जरा जास्त वेळ थांबला. माणूस वाईट नव्हता असं मी म्हणतो ते त्यासाठीच. पण मग सगळे कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवर लावून घेतला. दुपारी दोन माणसं आली, बारावी बंदूक कापडात गुंडाळून त्याच्या ऑफिसच्या कपाटात ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी बाहेरून विकत आणलेली त्याच जातीची एक कोरी करकरीत रायफल भिंतीवर चढली. लांब दस्ता, अंगावर ओरखडा नाही. आणि तिच्याखाली पितळेच्या पाटीवर त्या बाईचं नाव. शेजारी तिचा काडतुसांचा पट्टासुद्धा.

मी मुदीरला म्हटलं, ती ओळखेल. तो म्हणाला, वय झालंय, पुढं दोरी लावलीय, लांबून कोणाला काय कळतंय. उद्घाटनाच्या दिवशी धुतलेले कपडे घालून ये, मागं उभा राहा, एखादं दार अडकलं तर बघायला. आणि तोंड उघडू नकोस. तिच्या जागी दुसरी बंदूक लावून त्याला वाटत होतं, सगळ्यांचंच भागलं. माझी नोकरी राहिली, म्हातारीचं नाव राहिलं, मिशीवाल्याची रांग राहिली. त्याला हे खरोखरच चांगलं वाटत होतं, आणि त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरत होतं.

उद्घाटन असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर होतं. पाहुणे, कॅमेरे, उदाचा धूर. पहिल्या रांगेत आमचा कफील आणि कोणी मोठा पाहुणा. मी मागं भिंतीला टेकून, पायाशी हत्यारांची पेटी. बंदुका दिलेल्या घरांतले लोक एकेक करून आत आले. म्हातारी नातवाच्या हाताला धरून आली तेव्हा आमचा कफील खुर्चीतून उठला. इथं म्हाताऱ्या माणसासमोर मोठ्यातला मोठा उठतो, हे मला फार आवडतं. तो उठला म्हणून पाहुणा उठला, पाहुणा उठला म्हणून सगळा हॉल उठला.

ती ओळीपाशी गेली. बाराव्या बंदुकीसमोर थांबली. दोरीच्या अलीकडूनच बघितलं, चष्माही लावला नाही. समोरचं लेकरू आपलं नाही हे कळायला आपल्याला जितका वेळ लागतो, तितकाच लागला.

मुदीर पुढं झाला, गोड बोलला. दुरुस्त केलीय, खाला, नवीन केलीय, म्हणून वेगळी दिसते. ती त्याच्याकडे वळलीच नाही. हॉलभर नजर फिरवली आणि मी सापडलो.

"वलदी," तिनं मला हाक मारली. म्हणजे, मुला. "ही माझी आहे?"

सगळी मुंडकी मागं वळली. खरं सांगतो, त्या एका क्षणात मला बायको दिसली, मुलगी दिसली, विमानतळ दिसला. मुदीर माझ्याकडे बघत होता, त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण भीती वाटते म्हणून खोटं बोलायचं असतं तर ते मी अकरा वेळा बोलून घेतलं होतं. माझा कोटा संपला होता.

"नाही, खाला," मी म्हटलं. "तुमची ऑफिसच्या कपाटात आहे. त्या दिवसानंतर कोणी हात लावलेला नाही."

 मुदीरनं कफीलकडे बघितलं. कफीलनं दोन बोटं हलवली, आणा. बंदूक कापडासकट आली. तिनं कापड सोडलं, बंदूक उचलली आणि सरळ खांद्याला लावली. ऐंशीच्या घरातली बाई, पण दस्ता बरोबर खांद्याच्या खळीत बसला आणि गाल आपल्या जागी जाऊन टेकला. बंदूक कोणाची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. हॉलमधल्या कोणालाच नव्हती. कफीलनं मुदीरला सांगितलं, ती दुसरी उतरवा, हिची लावा.

मी पेटी उचलून पुढं गेलो, कोरी रायफल भिंतीतल्या लोखंडी आकड्यांवरून काढली आणि हिची लावायला हात वर केला. तेव्हा म्हातारी म्हणाली, थांब.

आकडे लावले होते ते उंच माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. बाराही एका रेषेत, लेव्हल लावून मीच बसवलेले. ती दोरीखालून वाकून पलीकडे गेली, कोणी अडवलं नाही. भिंतीला लागून उभी राहिली, हात वर करून बघितला. आकड्यांपर्यंत पोचला नाही. मग तिनं तळहात भिंतीवर टेकवला, जिथं आरामात पोचत होता तिथं. रेषेच्या हातभर खाली.

"इथं लाव," म्हणाली. "मला काढता आली पाहिजे."

मुदीरला राहवलं नाही. खाला, ओळ बिघडेल, तो म्हणाला. आणि बंदूक निकामी आहे, ती आता काढायची वेळ कोणावर येणार नाही. ती त्याच्याशी रागानं बोलली नाही. बघ, म्हणाली, लांडगा येतो तेव्हा ओळ बघून येत नाही.

तिचा तळहात भिंतीवरच होता. नवी पांढरी भिंत, मेंदीनं रंगलेली बोटं. कफील बसला नव्हता म्हणून पाहुणाही उभा, सगळे उभे. मुदीरनं माझ्याकडे बघून मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून, मला माहीत नाही, मी बघितलंच नाही. तिच्या अंगठ्याशेजारी पेन्सिलीची खूण केली, तिला जरा बाजूला व्हा म्हटलं, आणि ड्रिल लावलं.